जुना फिल्म कॅमेरा घेतलाय? रोल भरण्याआधी या चुका टाळा

पुण्याच्या जुन्या बाजारात ताडपत्रीवर नळाच्या तोट्या आणि कुलपांच्या ढिगाशेजारी मला माझा पेंटॅक्स के-१००० मिळाला. कातडं सुटलेलं, कोपऱ्यांतून पितळ दिसणारं, गळ्यातला पट्टा तुटलेला. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत होता, त्यामुळे अजूनही सापडतो. शटर पूर्णपणे यांत्रिक. सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला. म्हणून थोडा झिजलेला असला तरी बहुतेक वेळा तो चालतो. तो बिघडलाय असं वाटतं ते बहुधा आपल्या घाईमुळे. आज रंगीत रोल, धुणं आणि स्कॅनिंग मिळून खर्च हजाराच्या पुढे सहज जातो, तेव्हा घाई परवडत नाही.

बाहेरून पाहून भाव ठरवणं

ओरखडे, पोचे, सुटलेलं कातडं यांनी फोटो बिघडत नाही. चकचकीत कॅमेऱ्याचं शटर मात्र अडकलेलं असू शकतं. घेतानाच मागचं दार उघडा, अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) एफ/२ वर पूर्ण उघडा, लेन्स उजेडाकडे करा आणि मागून पाहत शटरचा एकेक स्पीड वाजवून बघा. १ सेकंदाला शटर मध्येच थबकलं, कण्हल्यासारखा आवाज आला, तर आतलं वंगण घट्ट झालंय. शटर म्हणजे एकामागोमाग सरकणारे दोन कापडी पडदे. १/१००० ला चौकटीची एक बाजू काळी राहिली, तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय.

घरी आल्यावर फोनच्या स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेमच्या सेटिंगवर, हेच चित्रित करा आणि पडदा उघडा असलेल्या फ्रेम मोजा. १/८ ला साधारण ३० फ्रेम, १/३० ला ८. पाचदहा टक्के इकडेतिकडे चालतं. १/१२५ च्या पुढे फोनचा भरवसा धरू नका, तिथे रोलच खरं सांगतो.

तेल आणि रुमाल

ही चूक आपल्याकडे फार होते, आणि ती प्रेमापोटीच होते. फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर जड लागली की घरातलं शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडायचं. ते तेल जागेवर थांबत नाही. हळूहळू अपर्चरच्या पात्यांवर आणि कापडी पडद्यावर पसरतं, आणि मग दोन हजारांत झालं असतं ते काम कुणीच हातात घेत नाही.

रुमालाचंही तसंच. आतल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे नसून पुढच्या अंगाला असतो. एकदा घासला की ओरखडा कायमचा. आरशावरची धूळ व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते, फोटोत येत नाही. रबरी फुग्याने हवा मारा आणि सोडून द्या. पडद्याला तर बोटही लावू नका.

फोमकडे दुर्लक्ष

त्या काळच्या जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांत दाराच्या खाचेत उजेड अडवणारा काळा फोम असतो. तीसचाळीस वर्षांत त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. बोट लावून काळं आलं तर रोल भरूच नका. लाकडी काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन खाच साफ करा. हे करताना कॅमेरा पालथा धरा, म्हणजे चुरा पडद्यावर पडणार नाही. मग काळी लोकर किंवा चिकटपट्टीचं पातळ फेल्ट भरा. तासाभराचं काम आहे. आरसा वर जाऊन जिथे आपटतो तिथलाही फोम बघा.

सेल आणि काटा

के-१००० ला एक एलआर४४ पुरतो. एसआर४४ मिळाला तर तो घ्या, त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतो. या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटण नाही. लेन्सचं झाकण लावलं नाही तर कपाटाबाहेर ठेवलेला कॅमेरा महिन्याभरात सेल खाऊन बसतो. सेलच्या खोलीत पांढरं-हिरवं साचलं असेल तर कापसाच्या काडीने किंचित व्हिनेगर लावून पुसा.

काटा हलतोय म्हणजे बरोबर दाखवतोय असं नाही. एकाच सपाट भिंतीवर फोनच्या लाइटमीटर ॲपशी ताडून पाहा. दर वेळी एकच स्टॉप (म्हणजे दुप्पट किंवा निम्म्या प्रकाशाचा) फरक येत असेल तर एएसएची, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेची, चकती तेवढी सरकवा. ही चकती आधीच्या मालकाने कुठे ठेवली होती हे पाहायला बरेच जण विसरतात.

रोल भरल्याची खात्री न करणं

माझा पहिला रोल मी दिवे घाटात पालखीच्या वेळी काढला. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, वळणावळणाने दिंड्या चढत होत्या, आणि मी छत्तीस फोटो काढले. आकडा ३८ वर गेला तरी लिव्हर फिरतच होती. रोल धुतला तेव्हा पट्टी कोरी होती. फिल्मचं टोक स्पूलच्या फटीतून निसटलं होतं आणि रोल एक इंचही सरकला नव्हता. ते फोटो परत मिळणार नाहीत, याची हुरहूर अजून आहे.

फ्रेमचा आकडा फिल्म सरकली नाही तरी पुढे जातो. म्हणून टोक अडकवल्यावर दार उघडं असतानाच एकदा लिव्हर फिरवून दोन्हीकडची भोकं दातांत बसलीत का पाहा. दार लावून रीवाइंडचा खुंटा बाणाच्या दिशेने हलकेच ताणा, आणि पुढच्या प्रत्येक वाइंडिंगला तो उलटा फिरतोय का बघत राहा. नाही फिरला तर फिल्म जागेवरच आहे. रोल संपल्यावर तळाचं बटण दाबल्याशिवाय मागे गुंडाळू नका, भोकं फाटतात.

आणि पहिला रोल लग्नात, वारीत, बाळाच्या बारशाला नकोच.

मुदत संपलेल्या रोलवर परीक्षा

जुना कॅमेरा आणि जुनी फिल्म ही जोडी मोहात पाडते. पण निकाल फिका आला तर दोष कुणाचा? एका वेळी एकच अनोळखी गोष्ट ठेवा. ताजा, १०० आयएसओचा (चकतीवरचं एएसए म्हणजे हेच) रोल घ्या. सावलीतली एक भिंत निवडा आणि तिचेच फोटो काढा: १/१००० ला एफ/२, १/५०० ला २.८, १/२५० ला ४, १/१२५ ला ५.६, १/६० ला ८, १/३० ला ११, १/१५ ला १६. प्रत्येकात फिल्मवर पडणारा प्रकाश तेवढाच. सगळ्या निगेटिव्ह सारख्याच गडद आल्या पाहिजेत. कुठला फोटो कुठल्या स्पीडचा हे वहीत लिहा. उरलेल्या फ्रेममध्ये जवळचं, लांबचं, उन्हातलं काढा.

फक्त स्कॅन पाहणं

स्कॅनर उजेड आपोआप सुधारतो, त्यामुळे कॅमेऱ्याचे दोष झाकले जातात. लॅबमधून निगेटिव्ह परत मागून घ्या आणि खिडकीशी धरा. चौकटी कोऱ्या, पण कडेचे आकडे आणि फिल्मचं नाव छापलेलं दिसतंय? म्हणजे धुलाई ठीक झाली, फिल्मवर प्रकाशच पडला नाही: शटर उघडलं नाही किंवा फिल्म सरकली नाही. कडेचे आकडेही गायब असतील तर गडबड धुताना झाली. काळा पट्टा चौकटीबाहेर भोकांपर्यंत गेला असेल तर उजेड दारातून शिरला. चौकटीतच, त्याच जागी, पुन्हा पुन्हा ठिपका असेल तर पडद्याला बारीक भोक आहे.

पावसाळा

लेन्सवर मागून मोबाइलचा टॉर्च मारा. सुटे कण दिसले तर चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतील तर ती बुरशी. मुंबईत, कोकणात जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरेसं आहे. जेल महिन्यातून एकदा वाळवा.

एवढं करूनही काही उरलंच, तर दुरुस्तीला जाताना ती भिंतीची पट्टी आणि वही बरोबर न्या. फोर्टातल्या बोरा बाजारात मी माझी पट्टी एका काकांपुढे धरली. त्यांनी ती खिडकीकडे केली, १/१००० ची फ्रेम पाहिली आणि कॅमेरा हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, ‘दुसऱ्या पडद्याचं टेन्शन बघावं लागेल, शनिवारी या.’