स्लॉट एकत्र, चुली वेगळ्या

आम्ही दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ खेळतो. त्या टेबलावर भाच्याने सलग दोन सेशन बिनदिक्कत फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा स्पेल, म्हणजे मंत्र) टाकले. त्याचं कॅरेक्टर क्लेरिक (पुरोहित) ३, विझार्ड (जादूगार) २, म्हणजे दोन क्लासच्या मिळून पाच लेव्हल. डीएम (खेळ चालवणारी व्यक्ती) मी. पडक्या मनोऱ्यात फायरबॉलचा स्क्रोल (मंत्राची गुंडाळी) मीच ठेवला होता. त्याने तो स्पेलबुकात उतरवला, तक्त्यात तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) दाखवले आणि मी मान डोलावली. तिसऱ्या सेशनच्या आदल्या रात्री मल्टिक्लासिंगचं (एकाच कॅरेक्टरचे अनेक क्लास) प्रकरण नीट वाचलं आणि कपाळावर हात मारला. त्याला तो स्पेल उतरवताच यायला नको होता.

ही चूक इतक्या टेबलांवर होते की एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतो, त्यामुळे आकडे तिचेच.

आधी स्लॉट मोजा. बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर, विझार्ड यांच्या लेव्हल पूर्ण धरायच्या. पॅलाडिन आणि रेंजर यांच्या निम्म्या, अपूर्णांक सोडून (२०२४च्या पुस्तकात तो वर ओढतात). एल्ड्रिच नाइट (फायटरची शाखा) आणि आर्केन ट्रिकस्टर (रोग क्लासची शाखा) यांची एक तृतीयांश. बेरीज करून मल्टिक्लासच्या तक्त्यात बघायचं. भाच्याची बेरीज ५, म्हणून पहिल्या लेव्हलचे ४ स्लॉट, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २.

आता ती बेरीज विसरून जा. कुठले स्पेल तयार करता येतात, हे प्रत्येक क्लासचं वेगळं ठरतं, जणू दुसरा क्लास अस्तित्वातच नाही. आमच्या आजीच्या भाषेत, घर एक आणि चुली दोन: सरपण सामाईक, पण ज्या चुलीवर जे शिजतं तेच शिजणार. क्लेरिक ३ला दुसऱ्या लेव्हलपर्यंतचे स्पेल मिळतात. त्याचं विझडम १६, त्याचा बोनस ३, म्हणजे लेव्हल ३ अधिक बोनस ३ असे सहा स्पेल, वर डोमेनचे (क्लेरिकने निवडलेल्या दैवी क्षेत्राचे). विझार्ड २ला फक्त पहिल्या लेव्हलचे. इंटेलिजन्स १३, म्हणून बोनस १ अधिक लेव्हल २ असे तीनच. फायरबॉल कुठल्याच चुलीवर नाही.

मग तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट वाया जातात का? नाही. छोटा स्पेल मोठ्या स्लॉटमधून टाका. क्युअर वुंड्सचे (जखम भरणारा स्पेल) आठ बाजूंच्या एका फाशाऐवजी तीन फासे होतात, मॅजिक मिसाइलचे तीनाऐवजी पाच बाण सुटतात. भाच्याचं तोंड तरीही उतरलेलंच होतं.

वॉरलॉकचं (करारातून जादू मिळवणारा क्लास) प्रकरण निराळं. त्याचे पॅक्ट मॅजिकचे स्लॉट या बेरजेत येतच नाहीत, ते शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) परत मिळतात. मात्र त्या स्लॉटमधून क्लेरिकचे स्पेल टाकता येतात, आणि उलटही. शीटवर त्यांचा चौकोन वेगळा आखा, नाहीतर दर रेस्टला वाद.

सेव्ह डीसीकडे (स्पेलपासून वाचायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा) बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. प्रोफिशियन्सी (कसबाचा बोनस) एकूण लेव्हलवर मिळते, पाचव्याला ३. पण अॅबिलिटी ज्या त्या क्लासची: क्लेरिकला विझडम, विझार्डला इंटेलिजन्स. भाच्याच्या क्लेरिक स्पेलचा डीसी १४, विझार्ड स्पेलचा १२. म्हणून दुय्यम क्लासमधून शत्रूला सेव्ह मिळेल असे स्पेल घेऊच नका. शील्ड, डिटेक्ट मॅजिक, मॅजिक मिसाइल घ्या. आणि अर्थातच फाइंड फॅमिलिअर, म्हणजे सोबतीला जादूचं जनावर (फॅमिलिअर) बोलावणारा स्पेल.

खरी मजा इथे आहे. फाइंड फॅमिलिअर हा विझार्डचा पहिल्या लेव्हलचा रिच्युअल (स्लॉट न खर्चता सावकाश करता येणारा स्पेल). विझार्डला तो तयार करून ठेवावा लागत नाही, स्पेलबुकात असला की पुरे. एक तास, रिच्युअल म्हणून केला तर दहा मिनिटं जास्त, आणि पितळी शेगडीत जाळायला १० गोल्डचा कोळसा, धूप, वनस्पती. हा माल जळून जातो, कंपोनंट पाउचवर (किरकोळ साहित्याच्या थैलीवर) भागत नाही. भाच्याने घुबड घेतलं आणि नाव ठेवलं पिंगळा. माझी आई शेजारीच मटार सोलत होती. घरात घुबडाचं नाव कशाला, म्हणाली.

फॅमिलिअर १०० फुटांच्या आत असेल तर तुमचा स्पर्शाचा स्पेल ते पोहोचवतं. तो विझार्डचाच हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही. पिंगळ्याला क्युअर वुंड्स चालतो, इन्फ्लिक्ट वुंड्सही (जखम करणारा) चालतो, आणि हल्ल्याचा फासा तुमच्याच बोनसने टाकायचा. सत्तर फुटांवर आमचा फायटर हिट पॉइंट (जीव) शून्यावर येऊन पडला होता आणि मधे गोब्लिनांची रांग. पिंगळा आपल्या पाळीला वरून उडत जाऊन त्याच्या छातीवर बसला, भाच्याने आपल्या पाळीला स्पेल टाकला, पिंगळ्याने रिअॅक्शन (पाळीबाहेरची एक कृती) वापरून तो पोहोचवला. फायटर उठला.

मात्र फॅमिलिअरची पाळी वेगळी असते. घुबडाच्या फ्लायबायमुळे निघताना कुणी ऑपॉर्च्युनिटी अटॅक करू शकत नाही, पण स्पेल पोहोचवून झाल्यावर पुढच्या पाळीपर्यंत ते तिथेच बसून राहतं, १ हिट पॉइंट आणि ११ एसी (बचावाचा आकडा) घेऊन. पिंगळा पुढच्याच बाणाला गेला. म्हणून कोळसा-धुपाचे दोन-तीन संच गाठीला ठेवा.

आणखी एक आशा मोडते: विझार्डसोबत पॅक्ट ऑफ द चेनचा (फॅमिलिअर देणारा करार) वॉरलॉक केला म्हणून दोन फॅमिलिअर मिळत नाहीत. स्पेल तोच, म्हणून जनावरही एकच. इम्प (छोटा सैतान) किंवा स्प्राइटचं (छोटी परी) रूप मिळतं आणि तुमचा एक अटॅक सोडून त्याला हल्ला करू देता येतो, एवढाच फायदा. ३.५ आवृत्तीत गणित नेमकं उलटं होतं. स्लॉट अजिबात एकत्र होत नसत, पण सॉर्सरर आणि विझार्ड यांच्या लेव्हल फॅमिलिअरसाठी जोडल्या जात, आणि त्याचे हिट पॉइंट मालकाच्या निम्मे असल्याने फायटरच्या लेव्हल घेतल्या की घुबडही गुटगुटीत होई. ते मेलं तर मात्र एक्सपी (अनुभवाचे गुण) जायचे आणि नवं मिळायला वर्ष आणि एक दिवस.

किंमतही मोजा. क्लेरिक ३, विझार्ड २ वर अॅबिलिटी स्कोर वाढ एकदाही मिळालेली नसते, कारण ती क्लासच्या चौथ्या लेव्हलला येते. सरळ क्लेरिक ५ असता तर रिव्हिव्हिफाय आणि स्पिरिट गार्डियन्स हे तिसऱ्या लेव्हलचे स्पेल हातात असते. नुसतं घुबडच हवं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: रिच्युअल कास्टर फीट (क्लासबाहेरचं खास कौशल्य) घ्या, विझडम १३ पुरतं. शील्डही हवं असेल तर एकच लेव्हल विझार्ड.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि विझार्डची तिसरी लेव्हल घेतली. फायरबॉल अजून दोन लेव्हल लांब आहे, स्क्रोल त्याने जपून ठेवलाय.