नैराश्याचा आधारगट चालवताय? या चुका टाळा

दवाखान्यात नैराश्यासाठी गट सुरू करायचं ठरलं की आधी तयारी होते ती स्लाइड्सची. नैराश्य म्हणजे काय, लक्षणं कोणती, मेंदूत काय घडतं. समोर बसलेल्यांचं लक्ष दोन मिनिटं टिकत नाही, कारण आजारच तसा आहे. त्यात तासाचं भाषण. माहिती दहा मिनिटांत आटपा, उरलेला वेळ त्यांना बोलू द्या.

दुसरी घाई म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की माणसाला थेट गटात बसवणं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची गट-उपचार पुस्तिका आठ सत्रांची आहे, पण तिच्यातही आधी प्रत्येकाची एकट्याने भेट आहे. ती टाळली की पहिल्या दिवशी सगळे जमिनीकडे बघत बसतात. गट आठेक जणांचा आणि चालवणारे दोघे असावेत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने चेहरे बघायचे.

खरी गफलत गृहपाठात होते. ‘रोज अर्धा तास चाला’ हे आपल्याला किरकोळ वाटतं. आमच्या गटातल्या एक बाई तीन आठवडे मान खाली घालून ‘नाही जमलं’ म्हणत होत्या. चौथ्या वेळी विचारलं, नेमकं कुठे अडतं? म्हणाल्या, बूट शोधतानाच दमायला होतं. मग काम ठरलं: रात्री बूट दारापाशी काढून ठेवायचे. बस्स, चालायचं नाही. पुढच्या आठवड्यात त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या होत्या आणि सांगितलं त्यापेक्षा जास्त केलं म्हणून जरा ओशाळल्याही होत्या!

‘हुरूप आला की करू’ हा क्रम नैराश्यात उलटा चालतो. आधी हातून काहीतरी होतं, हुरूप मागून येतो. म्हणून काम इतकं लहान हवं की सगळ्यात वाईट दिवशीही जमेल. वार आणि वेळ लिहून घ्या. झालं नाही तर ‘का नाही केलं?’ विचारू नका, ‘कुठे अडलं?’ विचारा. या एका शब्दाच्या फरकाने माणसं पुढच्या वेळी येतात.

न आलेल्याला त्याच दिवशी फोन करा. गैरहजेरीला बेफिकिरी समजू नका, बहुतेकदा तो आठवडाच वाईट गेलेला असतो. एकच जण सारखा बोलत असेल तर प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं वाटून द्या.

पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची यादी भरून घेतात, बेरीज करतात आणि कागद फायलीत जातो. ही चूक महागात पडू शकते. बेरीज २७ पैकी ७ च असेल, तरी नववा प्रश्न वाचा. मरून जावं असं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे तिथे विचारलेलं असतं. उत्तर शून्य, म्हणजे ‘अजिबात नाही’, नसेल तर त्या व्यक्तीशी त्याच दिवशी, गटाबाहेर, स्पष्ट शब्दांत बोला आणि डॉक्टरांना कळवा. विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत.

गट सुरू झाला म्हणून गोळ्या परस्पर बंद होतात, तेही मुद्दाम विचारा. बरं वाटल्यावरही त्या साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात. थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

शेवटच्या सत्रात टाळ्या आणि फोटोंच्या आधी एक कार्ड भरून घ्या: माझं घसरणं कशातून दिसायला लागतं (उशिरापर्यंत अंथरुणात, फोन न उचलणं), तेव्हा मी पहिलं काय करीन, कोणाला सांगीन. कार्डाच्या मागे तीन महिन्यांनी पुन्हा भेटायची तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या.