सिलिकॉन इन्सुलेटरवरचं मीठ मोजताना

वीजवाहिनीच्या इन्सुलेटरवर साठलेलं मीठ मोजताना नवख्यांची चूक बहुधा तारखेतच होते. गोव्यात जून ते सप्टेंबर पाऊस शेडची (इन्सुलेटरवरच्या छत्रीसारख्या चकतीची) वरची बाजू धुऊन काढतो, त्यामुळे ऑक्टोबरात घेतलेला आकडा फसवा. नमुने एप्रिल-मेमध्ये, वळवाची सर येण्याआधी घ्या. खालच्या बाजूला पाऊस फारसा पोचत नाही. ती वेगळी पुसायची, वेगळी लिहायची.

लाइन बंद ठेवण्याचं परमिट आणि अर्थिंग झालं की आधी फवारणी. पुसायच्या शेडवर नव्हे, शेजारच्या शेडवर. साधारण २५ सेंमीवरून २०-३० सेकंद पाणी फवारून एचसी वर्ग, म्हणजे पृष्ठभाग पाणी किती झटकतो त्याचा वर्ग, ठरवा: सुटे गोल थेंब म्हणजे १, सलग ओला पापुद्रा म्हणजे ७. सिलिकॉनमधले हलके रेणू धुळीच्या थरात वर झिरपतात, म्हणून मळकं रबरही पाणी झटकतं. एचसीविना नुसता ईएसडीडी (दर चौ. सेंमीवरचं मीठ, मिग्रॅमध्ये) लिहिला, तर वाचणारा तो चिनी मातीच्या डिस्कसारखा वाचतो आणि नको तिथे धुण्याचं काम काढतो.

शेड ओल्या स्पंजाने पुसायचा. त्यासाठी पाणी २०० मिली, डिस्टिल्ड, चालकता १० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीच्या आत. बॅटरीच्या दुकानातलं पाणी आधी मोजा. हातमोजे बिनपावडरचे; उघड्या हाताने स्पंज पिळला की घामाचं मीठही मोजलं जातं. रबरावर स्पंज नुसता घसरतो, तेव्हा तीन-चारदा पुसून त्याच पाण्यात पिळा. स्पिरिट किंवा खरखरीत घासणी नको, वरचं सिलिकॉन तेल निघून जातं.

मग त्या पाण्याची चालकता मोजा. मीटरची तापमान-भरपाई बंद ठेवा. ती बहुतेकदा २५ अंशांवर आणते, सूत्राला २० लागतात. उदाहरणार्थ ३० अंशांना १५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी आले, तर ०.८१ ने गुणून सुमारे १२१, म्हणजे ०.०१२१ सीमेन्स प्रति मीटर. त्याला ५.७ ने गुणून १.०३ वा घात घेतला की मिलीलिटरमागे ०.०६४ मिग्रॅ मीठ. २०० मिलीत १२.८ मिग्रॅ, पुसलेलं क्षेत्र ४०० चौ. सेंमी असेल तर ईएसडीडी ०.०३२ मिग्रॅ प्रति चौ. सेंमी. कोऱ्या स्पंजाचं मीठ असंच काढून वजा करा. क्षेत्रफळ ड्रॉइंगवरून घ्या, अंदाजाने नको.

किनाऱ्यालगत एवढ्यावर निभावतं. डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात मात्र तांबडी धूळ विरघळत नाही, चालकतेत दिसतच नाही. तेच पाणी आधी वजन केलेल्या फिल्टरमधून गाळा, फिल्टर वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा आणि काढल्याबरोबर तोला; वाढलेलं वजन ती धूळ. आपल्या दमट हवेत कागद लगेच ओल धरतो.

पुसलेल्या शेडची नोंद ठेवा. पुढच्या वर्षी तोच पुसलात, तर हाती एकाच वर्षाचा थर येईल.