ब्रिटनमध्ये गाडी चालवणार असाल, तर आधी बारा महिने मोजा

नोकरीसाठी इथे आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी पहिल्या भेटीतच विचारतो, की तुम्ही या देशात राहायला कोणत्या तारखेला आलात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये भारतीय परवान्यावर गाडी चालवण्याची मुभा त्या तारखेपासून बारा महिनेच असते, आणि ती संपली की भारतातला परवाना आणखी दहा वर्षे वैध असला तरी इथल्या रस्त्यावर त्याचा काही उपयोग नाही. (उत्तर आयर्लंडचे परवाना खाते वेगळे आहे, तिथे जाणाऱ्यांनी त्यांचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत.) ऑस्ट्रेलिया, जपान अशा काही देशांचा परवाना इथे बदलून मिळतो. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसालाही शिकाऊ परवान्यापासूनच सुरुवात करावी लागते.

आपल्या मंडळींत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे, की मध्ये भारतात जाऊन आले की बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. हा समज साफ चुकीचा आहे. तुम्ही इथले रहिवासी झालात त्या दिवसापासूनची मोजणी सुट्टीसाठी गावी जाऊन आल्याने थांबत नाही आणि नव्याने सुरूही होत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणल्यानेही मुदत वाढत नाही. मला हे कुणी सांगितले नव्हते. उलट माझ्या आधी आलेल्या तिघांनी मला नेमके उलटे सांगितले होते, आणि तेही पूर्ण खात्रीने.

माझ्या चौदाव्या महिन्यात, दिवाळीला घरी जाऊन आल्यानंतर, एका संध्याकाळी पुढचा एक दिवा बंद असल्याने पोलिसांनी माझी गाडी थांबवली. अधिकाऱ्याने अत्यंत शांतपणे मी केव्हा आलो ते विचारले, आणि मी प्रामाणिकपणे तारीख सांगितली. परवाना चालत नाही म्हटल्यावर विमाही चालत नव्हता. गाडी तिथल्या तिथे जप्त झाली, आणि ती क्रेनने उचलली जात असताना मी मुलीची गाडीतली छोटी खुर्ची हातात घेऊन पत्नीसह पदपथावर उभा होतो. विम्याशिवाय गाडी चालवल्याबद्दल किमान 6 दंडगुण लागतात, जागेवरचा दंड 300 पौंडांचा असतो, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर दंडाला वरची मर्यादाच नाही. दंड एकदा भरून संपतो, पण ते गुण नोंदीवर चार वर्षे राहतात आणि विम्याचा हप्ता त्या काळात किती चढतो, हे मी भरून पाहिले आहे.

म्हणून शिकाऊ परवान्याचा अर्ज पहिल्या महिन्यातच करावा. ऑनलाइन अर्जाचे शुल्क 34 पौंड आहे. बारा महिन्यांच्या आत हा परवाना काढला तर त्या मुदतीपुरती शिकाऊंची बंधने तुम्हाला लागू होत नाहीत. मुदत संपल्यावर मात्र गाडीला ‘एल’ची पाटी लावावी लागते आणि शेजारी किमान 21 वर्षांचा, तीन वर्षे परवाना असलेला चालक बसावा लागतो.

लेखी परीक्षेत 50 पैकी 43 उत्तरे बरोबर यावी लागतात, आणि संभाव्य धोका ओळखण्याच्या चित्रफितींत 75 पैकी 44 गुण लागतात. परीक्षा मराठीत किंवा हिंदीत होत नाही, तेव्हा ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे त्यांनी अभ्यास लवकर सुरू करावा. उत्तीर्ण झाल्याचा दाखला दोनच वर्षे चालतो, आणि प्रत्यक्ष परीक्षेची तारीख अनेक केंद्रांवर काही महिन्यांनंतरची मिळते. दहाव्या महिन्यात जागे होणाऱ्याचे गणित म्हणूनच चुकते.

प्रत्यक्ष परीक्षेआधी प्रशिक्षकाचे काही तास घ्याच. आपल्याकडच्या अनुभवी चालकांना यात कमीपणा वाटतो, आणि नापास होणाऱ्यांत मला तेच अधिक दिसले आहेत. गाडी त्यांना उत्तम चालवता येते, पण परीक्षकाला दिसले पाहिजे ते दिसत नाही: दिशा बदलण्याआधी आरशात पाहणे, निघताना मान वळवून खांद्यामागे पाहणे, गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणे. किरकोळ चुका 15 पर्यंत चालतात, गंभीर चूक मात्र एकही चालत नाही. गरज नसताना रेंगाळणे हीसुद्धा इथे चूक धरली जाते. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली, तर गिअरची गाडी त्या परवान्यावर चालवता येत नाही.

परीक्षेची सुरुवात डोळ्यांपासून होते. 20 मीटरवर उभ्या असलेल्या गाडीची नंबरपाटी वाचता आली नाही, तर परीक्षा तिथेच संपते आणि तुम्ही नापास ठरता. माझ्या ओळखीचा एक तरुण चष्मा ऑफिसात विसरून गेला होता. त्याचे 62 पौंड त्या एका पाटीपाशी गेले.

आता आरोग्याबद्दल, कारण इथे आपली माणसे सर्वाधिक लपवाछपवी करतात. भारतात वैद्यकीय प्रमाणपत्र ही अनेकांच्या अनुभवात नुसती सही असते. इथे स्वतःचा आजार परवाना खात्याला, म्हणजे डीव्हीएलएला, कळवणे ही तुमची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि न कळवल्यास 1000 पौंडांपर्यंत दंड होतो. मधुमेह फक्त पथ्यावर असेल तर सहसा कळवावे लागत नाही, इन्सुलिन सुरू झाले की सहसा कळवावेच लागते. मग परवाना एक ते तीन वर्षांचा मिळतो, तो नाकारलाच जातो असे मुळीच नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने निघण्यापूर्वी दोन तासांच्या आत आणि प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासायची असते. इथले यंत्र 5 दाखवते तेव्हा ती आपल्याकडची 90 असते, आणि त्याखाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय गाडी सुरू करू नये. साखर 4 च्या खाली गेली असेल, तर ती पूर्ववत झाल्यावरही 45 मिनिटे थांबायचे. अपस्माराचा झटका आला, तर गाडी चालवणे लगेच बंद करून कळवायचे. साधारणपणे झटक्याविना बारा महिने गेल्यावरच परवानगी पुन्हा मिळते. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्यास तोही कळवायचा असतो.

घर बदलल्यावर परवान्यावरचा पत्ता बदलणेही सक्तीचे आहे. त्याला पैसे लागत नाहीत.