मनी मोठी झाली हे कसं ओळखायचं आणि नसबंदीचं ऑपरेशन कधी करायचं

घरात मांजरीचं पिल्लू आणलं की आपल्याला ते वर्षभर पिल्लूच वाटत राहतं, आणि गडबड तिथेच होते. मांजरी चौथ्या महिन्यापासूनच माजावर येऊ शकते, बहुतेकींचं पाच ते सात महिन्यांच्या मधे होतं. थंड देशात हिवाळ्यात दिवस लहान झाले की माज थांबतो, आपल्याकडे ऊन भरपूर, त्यामुळे वर्षभर कधीही येतो.

आमची मनी साडेपाच महिन्यांची असताना एका रात्री अचानक मोठमोठ्याने ओरडायला लागली, जमिनीवर लोळत होती, आम्हाला वाटलं पोटात दुखतंय, रात्रभर झोप नाही, सकाळी डॉक्टर म्हणाले अहो ही हीटवर आलीय. पाठीवरून हात फिरवला की पुढचे पाय दुमडून मागचा भाग वर करणं, शेपटी एका बाजूला घेणं, सारखं अंग घासणं, दाराशी जाऊन बसणं, ही लक्षणं. कुत्रीसारखं रक्त जात नाही, त्यामुळे रक्त दिसेल तेव्हा बघू म्हणत थांबू नका. हे साधारण आठवडाभर चालतं, आणि बोका लागला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी परत सुरू.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या माजाची वाट बघू नका, पाच महिने पूर्ण व्हायच्या आत ऑपरेशन उरकलेलं सगळ्यात चांगलं. "एक वेत होऊ दे मग करू" हे आपल्याकडे घरोघरी सांगतात, आणि ते सांगणारी माणसं प्रेमानेच सांगतात, पण त्याने तिचा काहीही फायदा होत नाही. उलट लवकर केलं तर पुढे स्तनाच्या गाठी होण्याचा धोका खूप कमी होतो (मांजरीत या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्याच निघतात) आणि गर्भपिशवीत पू होण्याची भीती जवळजवळ संपते. शिवाय गाभण राहिली की साधारण नऊ आठवड्यात व्यायते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, हे मला तरी आधी माहीत नव्हतं. घरात सख्खा भाऊ बोका असेल तरी धोका आहेच, त्यांना नातं कळत नाही. त्याचं ऑपरेशन झालं तरी पुढचे काही आठवडे दोघांना वेगळं ठेवा.

माज थांबवायच्या गोळ्या किंवा इंजेक्शन कोणी सुचवलं तर प्लीज नको, त्यानेच गर्भपिशवीचे आणि स्तनाचे आजार वाढतात.

आधी लसी पूर्ण करून घ्या, वजन आणि तब्येत डॉक्टरांना दाखवून तारीख ठरवा. माजावर असताना पण ऑपरेशन होतं, पण तेव्हा तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो म्हणून बरेच डॉक्टर थोडं थांबायला सांगतात, तोपर्यंत खिडक्यांना जाळी आणि दार बंद, एवढं कडक पाळा. उपाशी किती तास ठेवायचं ते नीट विचारून घ्या, कारण लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवलं तर साखर उतरू शकते.

घरी आणल्यावर भूल पूर्ण उतरेपर्यंत उबदार, शांत खोलीत जमिनीवरच ठेवा, कपाटावर उडी नको. टाके चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर किंवा अंगात कापडी सूट, दहा ते चौदा दिवस. ती रुसेल, मागे मागे सरकत चालेल, तरी काढू नका. दुखत असेल म्हणून आपली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजरीसाठी ते विष आहे, थोडंसं दिलं तरी जीव जाऊ शकतो. टाक्यांतून रक्त किंवा पू आला, किंवा दुसऱ्या दिवशीही काही खाल्लं नाही, तर लगेच डॉक्टरांकडे. आमची मनी त्याच संध्याकाळी अर्धी वाटी चिकन खाऊन माझ्या मांडीवर झोपली.