बुडबुडे येत नसतील तर आधी झाकण बघा

घरच्या वाइनला विकतचा एअरलॉक (आंबताना होणारा वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत येऊ न देणारी झडप) लागत नाही. पाच लिटरची काचेची बरणी आणि फिशटँकची हवेची नळी, बाहेरून 6 मिमीची, एवढ्यात भागतं. माझ्या बरणीत मात्र रसाला फेस, पण नळीतून बुडबुडे नाहीत. कारण झाकणाला भोकही 6 मिमीचंच होतं, वायू कडेने निसटत होता. नव्या प्लॅस्टिकच्या झाकणाला 5 मिमीचं भोक पाडलं, नळीचं टोक तिरकं कापून पक्कडीने ओढलं. घट्ट बसली. दुसरं टोक पाण्याच्या उघड्या बाटलीत दोन सेंमी बुडवायचं. बरणी पाऊणच भरा, नाहीतर फेस चढून नळी तुंबते आणि झाकण उडतं. रसाची घनता मोजायला दुधाचा लॅक्टोमीटर मात्र कुचकामी: ती 1.090 च्या आसपास, त्याच्या पट्टीबाहेर. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडे 0.990 ते 1.100 मोजणारा हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) मागा.