पोलीस ॲक्शनच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या असतील तर

पोलीस ॲक्शन म्हणजे 1948 साली भारतीय फौजांनी निजामाचं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं ती कारवाई. तेव्हा जो दहा वर्षांचा होता, तो आता नव्वदीला टेकलाय. म्हणून 'दिवाळीनंतर बघू' म्हणू नका. मी म्हणालो आणि आमच्या उस्मानाबादकडच्या (आताचं धाराशिव) दोन आज्या राहून गेल्या.

पहिल्या फेरीला मोबाइल खिशातच ठेवा. ओट्यावर बसा, पाऊसपाणी बोला. 'रझाकारांनी (निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद लोकांनी) काय केलं?' असं थेट विचारायचं नाही. मी एका चाचांना विचारलं. त्यांनी टोपी नीट केली, "अब कायकू निकालना वो बातां?" म्हणाले आणि आत गेले.

सणावरून विचारा. फौजा 13 सप्टेंबरला शिरल्या, 17 ला निजामानं शरणागती पत्करली. ऐन गणपतीचे दिवस. बकरी ईद ऑक्टोबरच्या मध्याला आली. पुढच्या खेपेला मी चाचांना एवढंच विचारलं, "त्या साली ईद कुठं केली?" ते म्हणाले, पाटलाच्या वाड्यातल्या बळदात, म्हणजे धान्याच्या कोठारात. वर पाटलीण भाकरी थापत होती आणि दारात आलेल्यांना 'इथं कुणी न्हाई' सांगत होती.

त्याच गावच्या आजीला त्याच साली उन्हाळ्यात कुठं होता म्हणून विचारलं. रझाकारांच्या भीतीनं मोगलाई, म्हणजे निजामाची हद्द, सोडून बार्शीकडं, इंग्रजी हद्दीत. (इंग्रज आदल्या वर्षीच गेले होते, हद्दीचं नाव तेवढं राहिलं.) बैलगाडीत भांड्यांच्या आधी जातं चढवलं होतं.

दोन्ही घरं करा. एकच केलंत तर ते भाषण होतं, आणि तसली भाषणं दर 17 सप्टेंबरला झेंड्याखाली होतातच. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं पोलीस ॲक्शनच्या वेळचे आणि नंतरचे बळी 27 ते 40 हजार धरले होते, बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. हे तुम्हाला माहीत असू द्या, पण म्हाताऱ्या माणसापुढं आकडा ठेवू नका. तो स्वतःचं सोडून आकड्यालाच उत्तर देत बसतो.

मुलगा मध्ये बोलायला लागला तर त्याला चहा सांगायला पाठवा. टेबलफॅन बंद करा. तारीख चुकली तरी दुरुस्त करू नका. उर्दू कागद निघाला तर पुढून-मागून फोटो घ्या, कागद घरी नेऊ नका. त्यावर फसली साल (निजामाच्या कारभारातलं महसुली वर्ष) असेल तर त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाचा फरक धरा. माणूस गप्प झाला तर रेकॉर्डिंग चालूच ठेवा; पुढचा प्रश्न घाईनं टाकलात तर आलेलं परत जातं.

मारणाऱ्याचं नाव निघालं तर ती फाइल वेगळी ठेवा, व्हॉट्सॲपवर अजिबात नको. त्याचा नातू त्याच गावात दूध घालतो.

शेवटी सगळं त्यांना ऐकवा. चाचांनी ऐकलं, एक नाव पुसायला लावलं. पाटलिणीचं नाव मात्र परत एकदा बोलले, नीट उमटलं का ते बघायला.